पशुसेवकांच्या गणवेशावरील भरतकाम : खूण, अर्थ आणि रचना

घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकाशी गाडी थांबते. हातात जाळे घेतलेली दोन माणसे उतरतात आणि भटक्या कुत्र्यांच्या दिशेने चालू लागतात. काही क्षणांतच सज्जांमधून माना डोकावतात, सुरक्षारक्षक पुढे होतो आणि पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही कोण?' नसबंदी व लसीकरणासाठी कुत्री नेणारे प्रशिक्षित कर्मचारी आणि कोणत्याही परवानगीविना त्यांना उचलून नेणारे लोक यांतला फरक दुरून कळत नाही. ओळखपत्र खिशात असते. ते काढून दाखवेपर्यंत वादाला तोंड फुटलेले असते. अशा वेळी छातीवर स्पष्ट भरलेली एक खूण आणि तिच्याखालची दोन ओळींची अक्षरे बरेच काम करून जातात.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत पाळीव प्राण्यांची संख्या डोळ्यांना जाणवेल इतकी वाढली. त्याबरोबर खासगी दवाखाने, प्राणिमित्र संस्था, श्वानगृहे आणि प्राण्यांची निगा राखणारी केंद्रेही आली. दुसरीकडे याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडची शेती, भिवंडी-कल्याण परिसरातील म्हशींचे तबेले आणि म्हशाच्या यात्रेतला बैलबाजार आहे. या सर्व ठिकाणी काम करणाऱ्यांच्या एप्रनवर, टी-शर्टवर किंवा टोपीवर यंत्राने भरलेली चिन्हे दिसतात. मात्र ती निवडताना अनेकदा संगणकावर सापडलेले पहिलेच चित्र उचलले जाते. त्यातून चुकीचे चिन्ह, न वाचता येणारी अक्षरे आणि दोन धुलाईंत आकसणारे कापड असा तिहेरी तोटा होतो. हे भरतकाम नेमके कसे असावे, याचा हा आढावा.

चिन्हाची कुळकथा

वैद्यकाचे जगभर मान्य असलेले चिन्ह म्हणजे काठीला वेटोळे घातलेला एकच साप. ग्रीक पुराणकथांतील आरोग्यदेव अ‍ॅस्क्लेपियस याची ही काठी. पशुवैद्यकाच्या चिन्हात तिच्यावर रोमन लिपीतील 'व्ही' हे अक्षर चढवले जाते. पशुवैद्यकासाठी रूढ असलेल्या मूळ लॅटिन शब्दाचे ते आद्याक्षर होय. एक काठी, एक साप आणि 'व्ही' एवढ्या तीन घटकांत हे चिन्ह पूर्ण होते.

गोंधळ होतो तो दोन साप आणि वर पंख असलेल्या काठीमुळे. 'कॅड्युसियस' या नावाने ओळखली जाणारी ही काठी देवदूत हर्मिसची. तो व्यापाराचा आणि प्रवाशांचा देव; रोगनिवारणाशी त्याचा थेट संबंध नाही. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने 1902 मध्ये ते चिन्ह स्वीकारले आणि तेथून ते औषधांच्या दुकानांपासून रुग्णवाहिकांपर्यंत पसरले. भरतकामाच्या तयार आराखड्यांच्या संग्रहांतही दोन सापांची काठी सहज सापडते, कारण तिची दोन्ही अंगे सारखी असल्याने ती आखायला सोपी आणि दिसायला भरगच्च असते. पशुवैद्यकाच्या एप्रनवर मात्र एकाच सापाची काठी असणे योग्य.

भारतीय परंपरेत अश्ववैद्यकासाठी शालिहोत्राचे आणि गजवैद्यकासाठी पालकाप्याचे नाव घेतले जाते. ब्रिटिश अमलात लष्करातील देशी घोडेवैद्याला 'सलोत्री' म्हणत. त्या शब्दाचे मूळ शालिहोत्राच्या नावातच आहे. आधुनिक पशुवैद्यकाची पहिली शाळा क्लोद बुर्जला याने फ्रान्समधील लियाँ येथे 1761 मध्ये काढली. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले. तेथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला गिरणगाव 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणूनच ओळखत आला. या बोलीतल्या नावातच एक जुनी वस्तुस्थिती दडलेली आहे. शहराचा भार तेव्हा बैल आणि घोडे वाहत होते, आणि पशुवैद्यक हा मुख्यतः श्रम करणाऱ्या जनावरांचा वैद्य होता. आज शहरी चिन्हांत कुत्रा-मांजरच दिसते. ज्यांचे काम तबेल्यात आणि गोठ्यात चालते, त्यांच्या गणवेशावर गाय, म्हैस किंवा बैल असायला हवा, हे सहसा विसरले जाते.

लाल फुली का नको?

दुसरी सर्रास होणारी चूक म्हणजे पंज्याच्या ठशामध्ये किंवा हृदयाच्या आकारात पांढऱ्यावर लाल फुली भरणे. ही फुली 'औषधोपचार' या अर्थाचे सर्वसाधारण चिन्ह नाही. 1864 च्या जिनिव्हा करारातून ती युद्धकाळात जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी ठरवली गेली. भारतात जिनिव्हा करार अधिनियम, 1960 नुसार केंद्र सरकारच्या परवानगीविना तिचा वापर करण्यास मनाई असून उल्लंघनाला दंडाची तरतूद आहे. त्यामागचे कारण साधे आहे. ज्या खुणेमुळे रणांगणावर गोळी थांबावी अशी अपेक्षा असते, ती गल्लोगल्ली दिसू लागली की तिचे वजन कमी होते.

प्राणिसेवेच्या क्षेत्रात निळ्या फुलीला स्वतंत्र इतिहास आहे. लंडनमध्ये 1897 साली स्थापन झालेल्या एका प्राणिमित्र संस्थेने 1912 मध्ये बाल्कन युद्धातील घोड्यांसाठी 'ब्ल्यू क्रॉस' नावाचा निधी उभारला. चेन्नईत 1959 मध्ये सुरू झालेली 'ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया' ही या नावाची परिचित भारतीय संस्था. म्हणजे निळी फुलीही विशिष्ट संस्थांच्या नावाशी जोडलेली आहे. तेव्हा डोंबिवलीतील एखाद्या लहान दवाखान्याने किंवा कल्याणच्या स्वयंसेवी गटाने फुलीच्या वाटेला न जाता सापाची काठी किंवा स्वतःचे साधे चित्र वापरणे अधिक सुरक्षित. लोकप्रिय चित्रपटांतील कुत्रे-मांजरे आणि व्यंगपात्रे यांवर निर्मात्यांचा स्वामित्वहक्क असतो, याचेही भान ठेवावे. राजमुद्रेचा वापर खासगी व्यक्तीला करता येत नाही. 2005 च्या कायद्याने त्यास मनाई आहे.

छातीवर काय लिहावे, काय लिहू नये

चिन्हापेक्षाही महत्त्वाचा भाग म्हणजे त्याखालील शब्द. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा आणि प्रमाणपत्रांवर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पर्यवेक्षकांना राज्य सरकारच्या आदेशानुसार केवळ किरकोळ सेवा देता येतात; त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून राज्यातील सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली येतात. या विद्यापीठाची स्थापना 2000 साली झाली.

या पार्श्वभूमीवर 'व्ही' आणि सापाची काठी ही नोंदणीकृत पशुवैद्यकाची खूण समजून ती इतरांच्या गणवेशावर न भरणे उचित. दवाखान्यातील सगळ्यांना सारखेच एप्रन शिवले आणि सगळ्यांवर तीच खूण भरली, तर घाबऱ्या-घुबऱ्या आलेल्या मालकाला समोरचा माणूस डॉक्टर वाटतो. मदतनीसाने सहज दिलेला सल्ला तो उपचार समजून पाळतो. यात मदतनीसाचा दोष नसतो. फसवणूक कपड्याने केलेली असते.

याचा अर्थ मदतनीसांना खूणच नको असा नाही. उलट त्यांनाच तिची गरज अधिक आहे. राज्याच्या पशुसंवर्धन सेवेत पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक, परिचर अशी पदे आहेत. 'व्रणोपचारक' हा किती नेमका शब्द आहे! जखम धुणारा, पट्टी बांधणारा माणूस त्यात नेमका उभा राहतो. खासगी दवाखान्यांत मात्र त्याला 'पोऱ्या' किंवा 'असिस्टंट' यापलीकडे नाव नसते. पंज्याचा ठसा किंवा प्राण्याची आकृती आणि त्याखाली 'व्रणोपचारक', 'प्राणी परिचर', 'श्वान पथक' किंवा 'रुग्णवाहिका' असे पद भरले, तर मालकाला कोणाशी काय बोलावे ते कळते आणि त्या माणसाच्या कामालाही नाव मिळते.

कुत्री पकडणाऱ्या पथकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम पहिल्यांदा 2001 मध्ये आले आणि त्यांची जागा 2023 च्या नियमांनी घेतली. नसबंदी व लसीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीची खाच करतात. हीच खाच पथकाच्या चिन्हात वापरता येते. एका कानाला लहानशी खाच असलेले कुत्र्याचे डोके, एवढी रेषा जाणकाराला सगळे सांगते आणि अजाण रहिवाशाला विचारायला विषय देते. भटक्या कुत्र्यांविषयीचा वाद 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजल्यानंतर रहिवासी आणि पथके यांच्यातील संशय वाढण्याचीच शक्यता अधिक. तेथे स्पष्ट खूण ही शोभेची बाब उरत नाही. अर्थात भरलेली खूण म्हणजे परवाना नव्हे. ओळखपत्र आणि नेमणुकीचे पत्र सोबत असलेच पाहिजे.

सुईपासून संगणकापर्यंत

यंत्राने भरतकाम करण्याचा इतिहास दोनशे वर्षांच्या घरात जातो. फ्रान्समधील म्युलूझ येथील जोस्युए हाइलमान याने 1828 मध्ये हाताने चालवायचे भरतकामाचे यंत्र बनवले. स्वित्झर्लंडमधील सांक्ट गॅलन परिसरातील इसाक ग्रोब्ली याने 1863 मध्ये शिवणयंत्रासारखा वरचा आणि खालचा असे दोन दोरे वापरणारे यंत्र काढले. त्यातील धोटा लहानशा होडीच्या आकाराचा असल्याने त्याला 'शिफ्ली' म्हणजे छोटी नाव असे नाव पडले. पुढे त्याच्याच मुलाने 1898 मध्ये छिद्रे पाडलेल्या पट्ट्यांवरून आपोआप चालणारे शिफ्ली यंत्र तयार केले. जपानच्या ताजिमा कंपनीने 1964 मध्ये अनेक डोकी एकाच वेळी चालणारे यंत्र बाजारात आणले आणि 1980 च्या दशकात संगणकाने छिद्रांच्या पट्टीची जागा घेतली.

पट्टी गेली, पण शब्द उरला. चित्राचे टाक्यांत रूपांतर करण्याच्या कामाला बाजारात आजही 'पंचिंग' असेच म्हणतात, आणि ते करणारा तो 'पंचर'. ठाणे-कल्याण पट्ट्यात हे काम नवे नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या निर्वासितांच्या वस्तीचे 1949 मध्ये उल्हासनगर असे नामकरण झाले आणि पुढे ते तयार कपड्यांचे मोठे केंद्र बनले. शेजारी भिवंडीत यंत्रमाग आहेत. कापड, शिलाई आणि भरतकाम ही तिन्ही कामे लोकलच्या काही स्थानकांच्या अंतरात होतात. त्यामुळे पंचवीस-तीस एप्रनची लहान मागणीही येथे पुरी होऊ शकते.

पंचिंग म्हणजे काय?

अनेकांचा समज असा की चित्र संगणकात घातले की यंत्र ते भरून देते. प्रत्यक्षात यंत्राला चित्र कळत नाही. त्याला फक्त पुढचा टाका कुठे घालायचा ते कळते. पंचर प्रत्येक आकाराला टाक्याचा प्रकार, दिशा आणि दाटी ठरवून देतो. बारीक रेषेसाठी धावदोरा, काठी वा अक्षरासारख्या अरुंद पट्ट्यांसाठी सॅटिन टाका आणि मोठ्या जागेसाठी भराव टाका, असे तीन मुख्य प्रकार. सॅटिन टाक्याच्या दोन ओळींत साधारण 0.4 मिलिमीटर अंतर असते. पट्टी एक मिलिमीटरहून अरुंद झाली तर दोरा गोळा होतो. सात मिलिमीटरहून रुंद झाली तर टाके सैल राहून अडकू लागतात.

पशुसेवकांच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. घाबरलेले मांजर छातीशी धरले की त्याची नखे सर्वात आधी लांब, सुट्या टाक्यांत अडकतात. मग दोरा ओढला जातो आणि नखही दुखावते. म्हणून पशुवैद्यकाच्या चिन्हात रुंद सॅटिन टाळून ती जागा आखूड भराव टाक्यांनी भरावी. सापाच्या वेटोळ्याची रुंदी चार मिलिमीटरच्या आत ठेवल्यास तो सॅटिनमध्ये चकचकीत दिसतो आणि अडकतही नाही. उठावदार स्पंज घालून केलेले भरतकाम टोपीवर शोभते, पण ते छातीवर नको.

दुसरी अडचण कापडाच्या ओढीची. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आत ओढले जाते आणि आडव्या दिशेने बाहेर ढकलले जाते. पडद्यावर गोल दिसणारे वर्तुळ कापडावर अंडाकृती होते ते यामुळे. अनुभवी पंचर आधी विरळ पायाचे टाके घालतो, कडा किंचित वाढवतो आणि आकार मधून बाहेरच्या दिशेने भरत नेतो. फुकट मिळालेल्या आराखड्यात ही काळजी घेतलेली असेलच असे नाही. म्हणून पहिला नमुना नेहमी त्याच कापडाच्या तुकड्यावर काढून पाहावा.

तयार आराखडा ज्या स्वरूपात यंत्राला दिला जातो त्यात 'डीएसटी' हे सर्वाधिक रूढ. यात टाक्यांची जागा असते, पण रंगांची खरी माहिती नसते. केवळ रंग बदलण्याची सूचना असते. त्यामुळे आराखड्यासोबत रंगांचा क्रम आणि दोऱ्यांचे क्रमांक लिहिलेला कागद ठेवणे आवश्यक. तो हरवला की पुढच्या खेपेला हिरवा साप तपकिरी होऊन येतो.

देवनागरीची परीक्षा

मराठी अक्षरे यंत्राने भरणे हे रोमन अक्षरांपेक्षा कठीण. रोमन मोठी अक्षरे पाच-सहा मिलिमीटर उंचीतही वाचता येतात. देवनागरीत मात्र शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरे येतात. 'पशुवैद्यक' या एकाच शब्दात शकाराचा ऱ्हस्व उकार, दोन मात्रा आणि 'द्य' हे जोडाक्षर आहे. अक्षराचा मुख्य भाग सात-आठ मिलिमीटरपेक्षा लहान केला तर 'द्य' चा 'घ' होतो आणि 'शु' ची शेपटी अदृश्य होते.

शिरोरेखेचा प्रश्न वेगळाच. ती अखंड आडवी भरली तर शब्दाच्या लांबीभर कापड ओढले जाऊन सुरकुती पडते. प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्या-तुकड्यांनी भरली तर सांध्यांवर गाठी दिसतात. यावर उपाय म्हणजे आधी शिरोरेखेखाली धावदोऱ्याचा पाया घालणे, अक्षरे भरून घेणे आणि शेवटी शिरोरेखा एकाच दमात पूर्ण करणे. अनुस्वार दोन-तीन टाक्यांचा ठिपका न ठेवता दीड मिलिमीटरचा लहान गोल म्हणून आखावा, नाहीतर पहिल्याच धुलाईत तो नाहीसा होतो. लहान अक्षरांसाठी नेहमीच्या चाळीस क्रमांकाच्या दोऱ्याऐवजी साठ क्रमांकाचा बारीक दोरा आणि त्याला जुळणारी बारीक सुई वापरतात.

शब्द निवडतानाही यंत्राची सोय पाहता येते. लांबलचक संस्थानाम छातीवर कोंबण्यापेक्षा ते पाठीवर मोठ्या अक्षरांत घ्यावे आणि छातीवर केवळ खूण व पद ठेवावे. व्यक्तीचे नाव आणि नोंदणी क्रमांक कापडावर भरण्याऐवजी काढता-घालता येणाऱ्या पट्टीवर असावा. माणसे बदलतात, एप्रन राहतात.

कापड, दोरा आणि अस्तर

एप्रनसाठी टेरिकॉट किंवा जाड सुती ड्रिल वापरले जाते. ठाण्याच्या पावसाळ्यात शुद्ध सुती कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यामुळे मिश्र कापडाकडे कल असतो. अशा विणलेल्या कापडामागे फाडून काढता येणारे अस्तर चालते. होजियरीच्या ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टला मात्र कापून कायम ठेवायचे अस्तरच हवे. ते नसेल तर चिन्हाभोवती कापडाची चुणी पडते. दिवसभर अंगाला टोचू नये म्हणून आतून मऊ चिकट पट्टी लावता येते.

दोरा निवडताना रेयॉनचा चकाकीदार दोरा मोह घालतो. तथापि पशुवैद्यकाचे कपडे क्लोरीनयुक्त द्रावणात बुडवावे लागतात आणि त्यात रेयॉन विटतो. पॉलिस्टरचा दोरा रंग टिकवतो. जरी किंवा धातूचा दोरा या कामी मुळीच योग्य नाही.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. शस्त्रक्रियेचे निर्जंतुक गाऊन, रबरी एप्रन आणि पाणी न शिरणारे जाकीट यांवर थेट भरतकाम करू नये. प्रत्येक टाका म्हणजे एक छिद्र. हजारो छिद्रे पाडलेला गाऊन रक्त वा लाळ अडवू शकत नाही. असे कपडे खुणेविना ठेवावेत किंवा वेगळ्या कापडावर भरलेला बिल्ला वर लावावा.

टाक्यांचा हिशेब

भरतकामाचे दर हजार टाक्यांवर ठरतात, ही गोष्ट ग्राहकाला ठाऊक असल्यास पुष्कळ पैसे वाचतात. पूर्ण भरलेल्या आकृतीत एका चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने तीनशे टाके पडतात. आठ बाय सहा सेंटिमीटरचे चिन्ह पूर्ण भरले तर चौदा हजारांच्या आसपास टाके होतात. मिनिटाला सातशे टाक्यांच्या गतीने एका एप्रनला वीस मिनिटे, तीस एप्रनना एका डोक्याच्या यंत्रावर दहा तास. तीच आकृती रेषेत आखली, तर साडेतीन हजार टाक्यांत पाच मिनिटांचे काम होते आणि तीस एप्रन अडीच तासांत. त्यात कापड चौकटीत ताणून बसवण्याचा आणि दोरे कापण्याचा वेळ धरावा. शिवाय हलके भरतकाम लवकर वाळते आणि उकाड्यात छातीवर जाड ढाल बांधल्यासारखे वाटत नाही. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने भरगच्च चिन्हापेक्षा रेषेचे चिन्ह निवडून वाचलेले पैसे लशींवर खर्च करणे केव्हाही श्रेयस्कर.

प्राण्यांची नजर, माणसांची समजूत

रंगांविषयी एक गंमतीदार बाब. कुत्र्याला मुख्यतः निळ्या आणि पिवळ्या छटा ओळखता येतात. लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला फारसा जाणवत नाही. गाईचीही दृष्टी दोन रंगांवरच चालते. त्यामुळे हिरव्या एप्रनवरचा लाल साप प्राण्याच्या दृष्टीने जवळपास नसल्यासारखाच. प्राणी माणसाला वासावरून, आवाजावरून आणि हालचालीवरून जोखतो. म्हणजे ही खूण सर्वस्वी माणसांसाठी आहे आणि ती पाच-सहा मीटरवरून वाचता यावी, हीच तिची कसोटी. फिकट निळ्यावर पांढरा किंवा हिरव्यावर काळा दोरा सुंदर दिसला तरी दुरून मिटतो. गडद कापडावर फिकट आणि फिकट कापडावर गडद, हा जुना नियमच खरा.

स्टेथॉस्कोप गळ्यात असल्याने खूण खिशाच्या वर, डाव्या बाजूला थोडी बाहेरच्या अंगाला घ्यावी. वाकून काम करणाऱ्यांची छाती झाकलेली असते. पथकातील लोकांसाठी पाठीवरची मोठी अक्षरेच उपयोगी पडतात.

वारली रेषेचा वारसा

स्थानिक रूप शोधणाऱ्यांना दूर जावे लागत नाही. 2014 पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यातील, आता मुख्यतः पालघर जिल्ह्यात येणाऱ्या भागातील वारली चित्रकला यंत्रभरतकामाला अतिशय सोयीची आहे. दोन त्रिकोणांचे धड, काडीसारखे हातपाय, गोल डोके, आणि तशाच रेषेतले बैल, कोंबड्या व कुत्री. त्रिकोण भराव टाक्यात, हातपाय अरुंद सॅटिनमध्ये आणि बाकी धावदोऱ्यात बसतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रे गेरव्या कापडावर पांढऱ्या एकाच दोऱ्यात भरता येतात. रंग बदलण्याचा खर्चही नाही. गाईच्या पायाशी बसलेला माणूस, एवढ्या आकृतीत पशुसेवेचे सारे मर्म येते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणाऱ्या समाजाला ती उलगडून सांगावी लागणार नाही.

मात्र येथेही विवेक हवा. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगासमोर नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. तेव्हा संगणकावरून उचललेली नक्कल भरण्यापेक्षा एखाद्या वारली कलावंताकडून मोबदला देऊन मूळ रेखाटन करून घ्यावे. लग्नप्रसंगी काढल्या जाणाऱ्या देवचौकाला धार्मिक स्थान आहे. तो एप्रनवर सजावट म्हणून घेऊ नये.

धुलाई आणि आरोग्य

मांजराच्या अंगावरील गजकर्णाचे बीजाणू केसांबरोबर कपड्यांत राहून माणसापर्यंत पोहोचू शकतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे नाव मुंबई-ठाण्यात घरोघरी माहीत झाले. जनावरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या या रोगाचा धोका पशुसेवकांना बारमाही असतो. भरतकामाच्या दाट टाक्यांत केस आणि घाण अडकून राहते, म्हणून एप्रन उलटा करून धुवावा, घरच्या कपड्यांत मिसळू नये आणि कामाचा एप्रन घालून लोकलने घरी जाऊ नये. इस्त्री मागच्या बाजूने करावी. वरून केल्यास टाके चेपतात.

रेबीजच्या बाबतीत तर कोणताही कपडा पुरेसा नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाने आधीच प्रतिबंधक लस घेतलेली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ज्या संस्थेने पथकाला नवे भरलेले टी-शर्ट दिले पण लस दिली नाही, तिने क्रम चुकवला असेच म्हणावे लागेल.

मागणी देण्यापूर्वी

एकंदरीत, भरतकामाची मागणी नोंदवताना चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात : चिन्ह कोणाच्या गणवेशावर जाणार आहे, त्याखालचे शब्द शुद्ध लेखनासह कोणते, कापड कोणते आणि रंगांचा क्रम काय. पंचिंगचे पैसे दिल्यावर आराखड्याची प्रत मागून घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी नवीन माणूस आला की त्याच्यासाठी पुन्हा तोच खर्च होत नाही. पहिला नमुना दोनदा धुवून, वाळवून मगच उरलेल्या एप्रनना हात लावू द्यावा.

पशुसेवकाचा रुग्ण त्याच्या कपड्यावरचे अक्षर वाचत नाही. ते वाचतो त्या रुग्णाला कवटाळून आलेला माणूस. आपल्या मुक्या सोबत्याला कोणाच्या हाती सोपवत आहोत, हे त्याला खरेपणाने सांगणे एवढेच त्या काही हजार टाक्यांचे काम आहे.